चौदा नंबरचा खांदा

माह्या जावेचं अन् माह्यं घरात कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणाले वाटंन का आम्ही दोघी मोठ्या गळ्यात गळे घालणाऱ्या. एक अंगण, दोन चुली. इंदूबाई मोठी, मी लहानी. तिच्या कोंबड्या माह्या दारात घाण करत, माह्या शेळीनं तिचा पुदिना खाल्ला, एवढ्यावरून आम्ही अकरा-अकरा दिवस बोलत नव्हतो. पण संत्र्याच्या शेडवर टेबलाले उभ्या राहिलो का भांडण घरी. तिथं आम्ही दोघी मिळून एक बाई होतो, चार हातांची.

शेड कळमेश्वरच्या एमआयडीसीच्या मागं आहे. दिवाळी झाली का सुरू होते. पट्ट्यावरून फळ लुढकत येते, डागी तेवढं बाजूले टाकायचं, चांगलं क्रेटमध्ये देठाकून वर लावायचं, मधात कागद घालायचा, भरलं का उचलून मागच्या थप्पीवर ठेवायचं. वीस किलोचा क्रेट. थप्पी पाचाची, म्हणजे पाचवा क्रेट डोक्याच्या बरोबरीनं जाते. प्रत्येक बाईचा नंबर असते अन् भरल्या क्रेटले ती आपल्या नंबरची चिठ्ठी लावते. संध्याकाळी चिठ्ठ्या मोजून लाल रजिस्टरात मांडतात, मजुरी त्यावरच. इंदूबाई चौदा, मी पंधरा. ठेकेदार नानाजीचा कायदा असा का जिचे दिवसाचे साठ क्रेट भरले नाही तिनं दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू नये. अन् एकीनं दुसरीची चिठ्ठी लावली तर दोघीही घरी.

इंदूबाईचे सत्तरच्या वर जात. माह्ये नव्वद. खोटं नाही सांगत, अख्ख्या शेडमध्ये माह्या हाताची बाई नव्हती. नानाजी सुद्धा माह्या टेबलापाशी आला का आवाज खाली करत होता.

त्या वर्षी बाहेरगावचे माल घेणारे साहेब लोक शेड पाहाले येणार होते. खाण्याच्या वस्तूले हात लावते त्या बाईले टायफॉइडची लस टोचलेली पायजे, असा नियम निघाला. झालं, साहेब उद्या येणार तर आज संध्याकाळी पाच वाजता नानाजीनं एकशे दहा बाया रांगेत उभ्या केल्या. वजनकाट्यापाशी एक खुर्ची, एक सिस्टर, बर्फाचा डबा. आजूबाजूले हमाल, ट्रकवाले, फोटो काढणारा. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला.

आता आम्ही बाया शेडवर लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतो. थंडी लागत नाही, चीक लागत नाही. आत झंपर, त्याची बाही अशी तंग का कोपराच्या वर सरकत नाही. इंजेक्शन दंडात द्यायचं तर शर्ट काढावा लागंन, अन् एवढ्या माणसांत शर्ट कोण काढते? सिस्टर बिचारी म्हणे, "पडदा लावा ना इथं." नानाजी म्हणे, "पडदा-बिडदा काही नाही, टाइम नाही. ए बायाहो, कॉलर खाली वढा अन् खांदा द्या!"

मी पहिल्यापासून निर्लज्ज. दोन बटनं काढली, शर्ट पार कोपरापर्यंत सोडला, झंपराची बाही वर सरकवली तर शिवण टरकली, टरकू दे म्हणलं. हमाल पाहून राहिला तर त्याले म्हणलं, "पाय, तुह्या मायले सांगजो." सिस्टरनं दंडाच्या मधात बरोबर टोचलं.

माह्या मागं इंदूबाई. तिनं वरचं एकच बटन काढलं अन् कॉलर चार बोटं सरकवली. तेवढीच जागा दिली, खांद्याच्या अगदी टोकाची. सिस्टरनं सत्तर-ऐंशी बाया टोचल्या होत्या, तिचाही हात भरून आला असंन. तिनं पाहिलं नाही, टोचून दिलं. इंदूबाई "अगं माय!" करून खुर्चीवरून उठलीच. टेम्पोत मले म्हणे, "सुमे, सुई हाडाले लागल्यावानी झालं वं." मी म्हणलं, "लाजून राहिली होती ना, घे आता."

हे मी बोलली. आज आठवलं का आपल्याच तोंडात मारून घ्यावं वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायाइचे दंड दुखत होते. तिसऱ्या दिवशी सगळ्या मोकळ्या झाल्या, इंदूबाई नाही. चौथ्या दिवशी पाहते तर ती डाव्या हातानंच फळं लावून राहिली. उजवा हात पोटाशी धरलेला. क्रेट भरला, उचलाले गेली अन् कमरेपर्यंत आणून तशीच थांबली. तोंड पांढरंफटक. नानाजी तिकून येऊन राहिला होता. मी तिचा क्रेट हिसकला, थप्पीवर टाकला. मंग माह्या भरलेल्या क्रेटले तिची चिठ्ठी लावली. चौदा.

"काय करून राहिली वं?" ती दबक्या आवाजात म्हणे.

"गुपचूप रहा."

"दोघींले हाकलंन तो."

"पुदिन्याचं सोडून बाकी काही बोलू नको."

त्या दिवसापासून सिझन संपेपर्यंत असंच चाललं. पाच आठवडे. ती डाव्या हातानं तीस-एक क्रेट भरे, उचलायची मी. माह्या नव्वदातले तीस तिच्या नावानं जात. तिचे साठ, माह्ये साठ. नानाजी एकदा म्हणलाच, "काय वं सुमती, म्हातारी झाली काय? हात मंद झाला तुहा." मी म्हणलं, "थंडीनं." मले राग आला होता, पण गिळला. आपल्या हाताचं नाव खराब होणं सोपं नसते.

घरी तर तिचे हाल कुत्रं खाईना. सगळ्यात वाईट म्हणजे केस. एका हातानं अंबाडा बांधून पाहा म्हणजे समजंन. वेणी घालता येईना, झंपराचा हुक लावता येईना, पाठ घासता येईना. तिची पोरगी रितिका सकाळच्या बसनं कळमेश्वरले कॉलेजले जाये. माह्ये भासरे, देवाजी, म्हणजे तिचा नवरा, गोठ्याच्या राखणीवर रात्रपाळीले. तो माणूस साजरा, पण बायकोचे केस विंचरणं त्याले कुठलं सुचते. एक दिवस ती दारात मोकळ्या केसांनं बसून होती, फणी हातात धरून. मी तिच्या हातातून फणी घेतली. अशी खसाखसा विंचरली का तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हळू वं. वैर काढते काय?"

"हौ. वैरच काढते."

मंग रोज मीच विंचरू लागली. बोलत नव्हतो तरी.

जानेवारीत शेड बंद झाली अन् खांदा पार गोठला. रात्री कूस बदलता येईना तिले. भासऱ्यांनं कोण्या मालिशवाल्याले आणलं, त्यानं हात असा पिळला का बाई बेशुद्ध पडली. मंग मी अन् रितिका तिले नागपूरले मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. पहाटेच्या बसनं निघालो, चिठ्ठीच्या रांगेत उभ्या राहिलो, खांद्याचा फोटो काढाच्या मशीनसाठी चार खेपा झाल्या. शेवटी एका तरण्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला अन् विचारलं, "मावशी, इंजेक्शन कुठं दिलं होतं? बोट ठेवून दाखवा."

तिनं डाव्या हाताचं बोट खांद्याच्या टोकावर ठेवलं.

डॉक्टर म्हणाला, "इथं? इथं देतच नाहीत. दंडाच्या मांसात द्यायचं, चार बोटं खाली. ही सुई सांध्याच्या आवरणात गेली." इंदूबाईनं विचारलं, "लस खराब होती काय डॉक्टर?" तो म्हणे, "लस चांगली होती. जागा चुकली. पुढची लस घ्यायची वेळ आली तर घ्या, भ्यायचं नाही." त्यानं कागदावर हे सगळं लिहून दिलं. व्यायाम सांगितले. सहा महिने ती भिंतीवर बोटं चालवत राहिली, मुंगीसारखी वर-वर. हात खांद्याच्या लाइनीपर्यंत आला, त्याच्या वर नाही गेला. पुढं मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरनं तीस टक्के कायमचं अपंगत्व लिहिलं.

उन्हाळ्यात आम्ही नानाजीकडे गेलो. शेडच्या अंगणात दहा-पंधरा बाया क्रेट धूत होत्या. इंदूबाईनं कागद पुढं केला अन् म्हणलं, "भाऊ, तुमच्या कामावर हे झालं. दवाखान्याचं काहीतरी पाहा."

नानाजीनं कागद वाचला नाही. म्हणे, "हात वर कर."

"होत नाही."

"कर तर खरी. या सगळ्या पाहून राहिल्या."

तिनं केला. छातीच्या वर जरासा गेला अन् थरथराले लागला. नानाजीनं तिच्या कोपराखाली हात घातला अन् वर रेटला. ती अशी किंचाळली का क्रेट धुणाऱ्या बाया उभ्या झाल्या. नानाजी हसला. "वा रे वा! नाटकमंडळीत जाय तू. पाच हप्ते साठ-साठ क्रेट उचलले तवा खांदा नव्हता काय तुले?" मंग आतून पिशवी आणली, दोन किलो संत्री असतील, तिच्या डाव्या हातात दिली. "घे, पोरीले खाऊ घाल."

इंदूबाईनं पिशवी गेटच्या खांबाले टांगली अन् बाहेर आली. मी मागं फिरून नानाजीले काहीतरी बोलणार होती, तिनं माहा पदर धरला. बसथांब्यावर म्हणे, "सुमे, दुखलं त्याचं काही नाही. मले खोटी म्हणला तो. चार बायांत खोटी म्हणला."

मले बरोबर समजलं. आमच्या घराण्यात इंदूबाई म्हणजे अशी का उसनी घेतलेली वाटीभर साखर परत करंन तर शीग लावून करंन. तिले खोटी म्हणणं म्हणजे तिच्या अंगावरचं लुगडं ओढणं.

रितिकाच्या कॉलेजात कायद्याचं शिबिर झालं होतं, तिथं एक वकीलबाई बोलाले आली होती. अस्मिता रामटेके. नागपुरात सक्करदऱ्याले तिचं ऑफिस, खाली आटाचक्की, वर ती. खुर्चीवर पिठाचा थर. आम्ही गेलो तर "जय भीम, बसा ताई" म्हणून तिनं आपल्या हातानं खुर्ची पुसली. सगळं ऐकलं. मंग म्हणे, "मालकानं कामाच्या जागी, कामाच्या वेळात, कामासाठी टोचायला लावलं. तुम्ही नाही म्हणू शकत होता का?"

"नाही म्हणलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामच नव्हतं," मी म्हणलं.

"मग ही कामातलीच दुखापत. मशीनमध्ये बोट गेलं काय अन् सुई खांद्यात गेली काय. कामगार न्यायालयात भरपाईचा अर्ज टाकू."

अर्ज टाकला. तारखा पडू लागल्या. वर्ष गेलं. मी मधात शेडवर जातच होती, माहा नवरा अंकुश ट्रकवर, तीन-तीन महिने घरी नाही, घर चालायचं म्हणजे माह्या हातावर. इंदूबाई वावरात निंदाले जाये, डाव्या हातानं. लोक तिले अर्धी मजुरी देत, अन् ती काही बोलत नव्हती.

मंग शेडवाल्यांचं उत्तर आलं. वकीलबाईनं आम्हाले बोलावलं. तिच्या टेबलावर झेरॉक्सचे कागद होते, तोंड उतरलेलं.

"इंदूताई, हे काय आहे? इंजेक्शननंतर पाच आठवडे तुमच्या नंबरवर रोज साठ, एकसष्ट, साठ क्रेट. ते म्हणतात, खांदा तेव्हा ठणठणीत होता. नंतर घरी कुठंतरी पडल्या, अन् आता आमच्या गळ्यात घालतात. हे क्रेट तुम्ही भरले?"

मी तोंड उघडणार तर इंदूबाईनं टेबलाखाली माह्या पायावर पाय दिला. टाचेनं. जोरात.

"हौ," ती म्हणे. "मीच भरले."

"या हातानं?"

"हौ."

वकीलबाईनं झेरॉक्स गोळा करून बाजूले ठेवले. "मग ताई, ही केस संपली. मी लढीन, पण संपली."

जिना उतरून खाली आलो. आटाचक्कीसमोर मी जी तिच्यावर भडकली! "काहून खोटं बोलली वं? जन्मभर खरं बोलली अन् आज जिथं पायजे तिथं खोटं?"

"तुही जागा जाईन."

"जाऊ दे ना!"

"कशी जाऊ देऊ? माहा हात गेला. तुहाही गेला तर घरात कोणाच्या हातानं खायचं? माह्यं काय, मले चार लोक खोटी म्हणतील. म्हणू दे."

चक्कीवाल्यानं चक्की बंद केली, आमचं भांडण ऐकाले. मी त्याच्यावरही खेकसली. अन् मंग मले रडू फुटलं, रस्त्यात, पिठाच्या वासात. पंधरा वर्षं जिच्या कोंबड्याइले दगडं मारली त्या बाईनं माह्या क्रेटापायी आपलं खरं सोडलं होतं. मी वळली अन् दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"वकीलबाई, ते क्रेट माह्ये आहेत."

सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं, थप्पीचं, नव्वदाचं. इंदूबाई दारात उभी, धापा टाकत. वकीलबाई म्हणे, "सुमतीताई, तुम्ही जाऊ आहात. ते म्हणतील, घरची बाई, घरासाठी खोटं बोलते. पुरावा काय?"

मी ते झेरॉक्स हातात घेतले. मले वाचणं बेताचं येते, पण आकडे येतात. कागदावर नुसते चौदाचेच. "अन् माह्यी ओळ कुठं आहे?"

"कोणती ओळ?"

"रजिस्टरात चौदाच्या खाली पंधरा असते ना. माह्यी ओळ यायनं झाकून झेरॉक्स काढली. बाई, माह्ये नव्वदाच्या खाली कधी आले नाहीत. सुई टोचल्यावर माह्ये साठ कसे झाले, ते विचारा त्यायले. खांदा तर माहा चांगला होता!"

वकीलबाईच्या हातातला पेन खाली पडला. मंग ती अशी हसली का खालच्या चक्कीवाल्याले ऐकू गेलं असंन. दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज केला का मूळ रजिस्टर कोर्टात आणा.

अंकुशचा फोन आला तर म्हणे, "तू कोर्टात उभी राहिली का शेडचं दार तुले बंद."

"बंद तर बंद."

"मंग खाऊ काय?"

"तू येशीन तवा तुलेच खाईन," मी म्हणलं अन् फोन ठेवला.

साक्षीची तारीख नोव्हेंबरात आली, सिझनच्या तोंडावर. मी माह्यं एकुलतं एक चांगलं लुगडं नेसली, निळं. इंदूबाईचे केस विंचरले, त्या दिवशी हळू विंचरले. कोर्टाच्या खोलीत पंखा खडखड करत होता. समोर जजबाई, चष्मा नाकावर. शेडवाल्यांच्या बाजूनं एक जाडजूड वकील, अन् त्याच्या मागं बाकावर नानाजी. मले पाहून त्यानं मान हलवली, म्हणजे ये बाहेर, पाहतो तुले.

वकील उठला. गोड आवाज.

"सुमतीबाई, इंदूबाई तुमच्या कोण?"

"जाऊ."

"एकाच घरात राहता? प्रेम असेल मग."

"प्रेम कायचं साहेब! तिच्या कोंबड्या पाहा येऊन माह्या दारात."

खोलीत हसू फुटलं. जजबाईनं वर पाहिलं.

"म्हणजे भांडणं होतात. तरी तुमचे रोजचे तीस क्रेट तुम्ही फुकट तिला दिले, असं तुमचं म्हणणं? पाच आठवडे? आपलं नुकसान करून?"

"हौ."

"हे कुणाला पटेल? खरं हे आहे की भरपाई मिळाली तर तुम्हालाही वाटा मिळेल, म्हणून तुम्ही आज ही गोष्ट रचली."

"साहेब, ते लाल रजिस्टर कोणाचं आहे?"

"प्रश्न मी विचारतो."

"तुमचंच आहे ना? मी तर आणलं नाही. पंधरा नंबरची ओळ वाचा."

वकील म्हणे, "त्याची गरज नाही." अस्मिता वकीलबाई उठून उभी राहिली. पण तिच्या आधीच जजबाई म्हणाली, "वाचा. पंधरा नंबर. लस दिली त्या आठवड्यापासून."

वकिलानं पान उघडलं. एकदा पाहिलं. मागं नानाजीकडे पाहिलं.

"मोठ्याने वाचा," जजबाई म्हणाली.

"एक्याण्णव," तो वाचू लागला. "नव्वद. त्र्याण्णव. ब्याण्णव, ही लशीची तारीख. नव्वद. एक्याण्णव." इथं तो थांबला.

"पुढे."

"साठ."

"पुढे."

"एकसष्ट. साठ. साठ. बासष्ट. साठ."

पान उलटलं. साठ, एकसष्ट, साठ. सिझन संपेपर्यंत तेच. जजबाईनं रजिस्टर मागून घेतलं अन् चौदा नंबरच्या ओळीवर बोट फिरवलं, मंग पंधराच्या. दोन्ही ओळी एकाखाली एक.

मी म्हणलं, "बाईसाहेब, नव्वदाचे साठ व्हाले माह्या हाताले काय झालं होतं? मले तर सुई बरोबर बसली. मी दंड मोकळा दिला होता. हिनं लाजून कॉलर तेवढी सरकवली, कारण समोर माणसं उभी होती अन् पडदा मागितला तर नानाजी म्हणे टाइम नाही. लाजणं गुन्हा असंन तर हिले शिक्षा द्या."

जजबाईनं चष्मा काढला. "तुम्ही दुसरीच्या नंबरची चिठ्ठी लावली, हे कंपनीच्या नियमाविरुद्ध होतं, हे कबूल करता? तुमची नोकरी जाऊ शकते."

"कबूल आहे. जाईन हे माहीत आहे. तिले साठाच्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून नियम मोडला. अन् मोडायचा झाला तर उद्याही मोडीन."

टंकलेखकानं हे सगळं टाइप केलं, शब्दाले शब्द. मले वाचून दाखवलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेली तर पंधरा नंबर दुसरीले दिलेला. नानाजी गेटवर उभा. "तुहं काम संपलं." मी म्हणलं, "हौ, मी संपवलं ते." अन् तशीच मागं फिरली. वावरात कापूस वेचाले लागली, इंदूबाईच्या शेजारच्या ओळीनं. बोटं फाटली, कंबर मोडली, पण एक सांगते, त्या दोन महिन्यांत माह्या पोटात जसं मोकळं वाटत होतं तसं कधी वाटलं नाही. ती डाव्या हातानं वेची, मी दोन्ही हातांनं, अन् ओळीच्या टोकाशी ती पोचेपर्यंत मी थांबून राहत होती. तिच्या ओटीत काही टाकत मात्र नव्हती. तिनंच बजावलं होतं, "आता एक बोंड जरी टाकलं ना, तर पाय."

निकाल डिसेंबरच्या शेवटी लागला. वकीलबाईचा फोन आला तवा ती बोलून कमी अन् ओरडून जास्त राहिली होती. चार लाखाच्या वर भरपाई, त्यावर व्याज, दवाखान्याचा खर्च वेगळा, तीस दिवसांत कोर्टात भरा म्हणून. मालकानंच भरायचे, ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. देवाजी भासरे आयुष्यात पहिल्यांदा माह्याशी समोरासमोर बोलले. म्हणे, "सुमती, चहा ठेव, साखर जास्त टाक." अन् तोंड फिरवून डोळे पुसले.

आम्ही दोघी अन् रितिका सक्करदऱ्याले जाऊन निकालाची नक्कल घेतली. बारा पानं, मराठीत, वर गोल शिक्का. परतीच्या बसमध्ये मले वाटलं इंदूबाई पैशाचं काहीतरी बोलंन. घराच्या पत्र्याचं, रितिकाच्या शिक्षणाचं. ती म्हणे, "कळमेश्वरले उतरायचं. शेडवर."

"आता काहून?"

"सहा वाजता सुट्टी होते ना?"

आम्ही पोचलो तवा पावणेसहा झाले होते. गेटबाहेर दोन टेम्पो लागलेले. भोंगा वाजला, बाया बाहेर आल्या, अंगात नवऱ्यांचे शर्ट, हाताले संत्र्याचा वास. आम्हाले पाहून थबकल्या. मागून नानाजी आला. त्याले निकालाचं समजलं असणारच, चेहरा असा झाला होता का कोणी कानाखाली वाजवली असंन. तरी हसाचा प्रयत्न करून म्हणे, "या या इंदूबाई. मिळालं ना तुमचं? चांगलं झालं."

इंदूबाईनं कागद रितिकाच्या हातात दिले. "वाच. सगळ्यायले ऐकू जाईन असं."

रितिकाचा आवाज आधी बारीक होता. मंग मोकळा झाला. अर्जदाराचं नाव, वय, काम. लशीचा दिवस. पडदा मागितला अन् दिला नाही, हेही लिहिलेलं. डॉक्टरचं म्हणणं. लशीत दोष नव्हता, ती टोचण्याच्या व्यवस्थेत हलगर्जी होती. बाया जवळ-जवळ सरकू लागल्या. त्यात दोघी-तिघी अशा होत्या का त्यायचेही खांदे महिनाभर दुखले होते अन् त्या चूप राहिल्या होत्या.

पाचव्या पानाले टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही. नानाजी म्हणे, "बस झालं आता इंदूबाई, बायाइले घरी जायचं आहे."

"बारा पानं आहेत," इंदूबाई म्हणे. "तू हात वर कर म्हणला तवा याच बाया पाहून राहिल्या होत्या. आता याच ऐकतील. वाच वं रितिका."

टेम्पोवाल्यानं गाडी बंद केली अन् तोही खाली उतरून उभा राहिला. रितिका वाचत गेली. "अर्जदार हिने इजा लपवून ठेवली ती फसवणुकीसाठी नव्हे, तर काम जाण्याच्या भीतीपोटी, असे न्यायालयाचे मत आहे. अर्जदार ही खरे बोलणारी स्त्री असल्याचे तिच्या एकंदर वर्तनातून दिसते." बायांमधून कोणीतरी म्हणलं, "बरोब्बर!" नानाजी खाली पाहून चपलेनं माती उकरत होता. जाऊही शकत नव्हता, गेटपाशी बायाच बाया.

"साक्षीदार क्रमांक दोन, सुमती अंकुश गजभिये," रितिकानं वाचलं. "या साक्षीदाराने स्वतःचे उपजीविकेचे साधन गमावण्याची जोखीम पत्करून सत्य सांगितले. तिची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह आहे."

"थांब," इंदूबाई म्हणे.

रितिका थांबली. मले वाटलं जावेले चक्कर-बिक्कर आली. पण ती सरळ उभी होती, नानाजीच्या समोर.

"हे नाव परत वाच," ती म्हणे. "जोरानं वाच."